प्रकल्प नोंदी: पिवळा, डावा कोपरा

कारखान्यात प्रत्येक मशीनची एक वही असते. तारीख, बिघाड, कारण, उपाय. बावीस वर्षं मेंटेनन्समध्ये काढल्यावर दुसऱ्या कुठल्या पद्धतीनं लिहायला जमत नाही, म्हणून ही वहीही तशीच. मशीन: मी. वय ४७, वजन ८२ किलो. ओव्हरहॉलिंग कधीच झालेलं नाही.

गुरुवार, ५ जून २०२५

लेकीचा क्लायंबिंगचा क्लास मंगळवार-गुरुवार, संध्याकाळी पाच ते सात. भोसरी एमआयडीसीची सुट्टी गुरुवारी, त्यामुळे गुरुवारची ने-आण माझ्याकडे. वर्षभर मी तिथल्या बाकावर बसून मोबाईल पाहिला. आज कोच म्हणाली, "काका, नुसते बसता कशाला? तासभर चढून बघा." कोच म्हणजे तेवीस-चोवीस वर्षांची मुलगी, हाताचे तळवे गवंड्यासारखे. मी म्हटलं, वय झालं. तिनं काही न बोलता समोर बोट दाखवलं. पांढऱ्या केसांच्या एक बाई भिंतीवर आडव्या चालल्या होत्या, पालीसारख्या.

फॉर्म भरला, सही केली. बूट भाड्याचे. माझा नंबर नऊ, तिनं आठ दिला. बोटं आत वळून बसली. ती म्हणाली, यात चालायचं नसतं, फक्त उभं राहायचं असतं.

पहिला धडा चढण्याचा नाही, पडण्याचा. इथली दोराशिवायची भिंत साडेचार मीटर उंच, खाली फूटभर जाडीची गादी. दोन्ही पायांवर पडायचं, गुडघे सैल, लगेच पाठीवर लोळायचं आणि हात छातीशी. मागे हात टेकून स्वतःला सावरायला गेलं की मनगट किंवा कोपर जातं. दहा वेळा पाडलं तिनं मला. दहातल्या सात वेळा हात मागे गेलाच. आयुष्यभराची सवय आहे ती.

मग चढलो. भिंतीवर धरायला बसवलेले तुकडे म्हणजे होल्ड. हे मोठाले, हात आत जाईल असे, त्यांना 'जग' म्हणतात. जवळपास शिडीच. तीन वेळा वर जाऊन आलो. फार काही नाही, असं वाटलं.

बिघाड: परत येताना बाईकचा क्लच दाबता येईना. नाशिक फाट्याच्या सिग्नलला लेक मागून म्हणाली, "बाबा, हिरवा झालाय." मला दिसत होतं की हिरवा झालाय.

शुक्रवार, ६ जून

या आठवड्यातच कैरीचं लोणचं घातलंय. बरणीचं झाकण उघडेना. बायकोनं उघडलं आणि न बोलता ठेवून दिलं.

कारण: बोटांत स्नायू जवळजवळ नसतातच. बोटं मिटायचं काम करतात ते कोपरापासून मनगटापर्यंतचे स्नायू, आणि तिथून दोऱ्यांसारख्या कंडरा बोटांपर्यंत येतात. थोडक्यात, मोटर लांब आणि ड्राइव्ह केबलचा. घट्ट पकड धरून ठेवली की तो स्नायू आपल्याच रक्तवाहिन्या दाबतो. नवीन रक्त येईना, साठलेलं जाईना. कातळावर जाणारी पोरं याला 'पंप झाला' म्हणतात. माझा हात खरंच सायकलच्या ट्यूबसारखा टणक झाला होता.

उपाय: हात खाली सोडून झटकणं. आणि मुळात एवढं घट्ट न धरणं.

गुरुवार, १२ जून

आज कोचनं एकच वाक्य वीस वेळा म्हटलं: "काका, कोपर सरळ." मी प्रत्येक होल्डला लटकताना हात वाकवून, छाती भिंतीला चिकटवून राहत होतो. घाबरलेला माणूस असाच धरतो, ती म्हणाली. मला राग आला, कारण खरं होतं.

आमच्याकडे नव्या पोराला पहिल्याच दिवशी शिकवतो: लोड जॅकवर ठेवायचा नाही. जॅकनं उचलायचं, खाली स्टँड लावायचा, जॅक सोडून द्यायचा. हायड्रॉलिक कधी ना कधी उतरणारच. वाकवलेला कोपर म्हणजे जॅक. सरळ हात म्हणजे स्टँड. भार हाडावर आणि सांध्यावर जातो, दंडाला काम राहत नाही. हे मी इतरांना बावीस वर्षं सांगतोय.

सरळ हातांनी लटकल्यावर मात्र वर जायला एकच वाट उरते, पायांनी. आणि पाय कुठे ठेवतो आपण? मी पायाचा मधला भाग ठेवत होतो, शिडीवर ठेवतात तसा. इथे अंगठ्याची आतली कड ठेवायची. टाच मोकळी राहिली तरच त्या टोकावर फिरता येतं. "पायाचा आवाज येता कामा नये," असा एक व्यायाम आहे. पाय आपटला की परत खाली. माझा पाय होल्डवर येतो तो मालगाडीचे डबे जोडल्यासारखा.

प्रकल्प निवडला. यांच्या भाषेत ज्या चढाईवर माणूस बरेच दिवस झटतो तिला 'प्रोजेक्ट'च म्हणतात, हे ऐकून बरं वाटलं. एकाच रंगाचे होल्ड धरून तळापासून टोकापर्यंत गेलं की एक प्रॉब्लेम सुटला. माझा पिवळा, डाव्या कोपऱ्यातला, अकरा होल्ड, भिंत पंधराएक अंशांनी अंगावर झुकलेली. श्रेणी व्ही १. ही व्ही श्रेणी टेक्सासातल्या ह्युको टँक्स इथल्या खडकांवर जॉन शर्मन नावाच्या माणसानं सुरू केली, व्ही त्याच्या 'व्हर्मिन' या टोपणनावातला. आज ती व्ही १७ पर्यंत गेली आहे. माझ्यापुढे सोळा पायऱ्या शिल्लक, घाई नाही.

पाचव्या होल्डला पडलो. नऊ वेळा.

लेक बाजूला बसून पाहत होती. काहीतरी सांगायचं होतं तिला, पण सांगितलं नाही. चढायची युक्ती म्हणजे 'बीटा', आणि न विचारता बीटा सांगणं इथे उद्धटपणा समजतात. मला पटलं. शॉपमध्ये एक माणूस मशीन उघडून बसलेला असताना मागे चार जण सल्ला द्यायला उभे राहतात, तेव्हा मीही हाकलतो.

गुरुवार, १९ जून

आळंदीहून माउलींची पालखी निघायची, आमच्याकडचे रस्ते वळवलेले, वरून पाऊस. गेलो नाही. घरी दाराच्या चौकटीला लटकून पाहिलं. चौकट सुतारानं बरी बसवली होती, पण बायकोनं यशवंती म्हणून हाक मारली आणि ते नाव टिकणार असं दिसतंय. सिंहगडाच्या कड्यावर घोरपडीला दोर बांधून मावळे चढले, ही दंतकथा मला कधीच पचली नव्हती. घोरपड तेवढा भार घेणार कशी? पण पाल, घोरपड आणि त्या पांढऱ्या केसांच्या बाई यांच्यात एक गोष्ट सारखी आहे: पोट भिंतीशी, हातपाय बाजूला पसरलेले. मी मात्र समोरून चढतो, बँकेच्या काउंटरवर ओणवल्यासारखा.

गुरुवार, २६ जून

क्लायंबिंगचं शेड गच्च भरलेलं. पावसाळ्यात सह्याद्रीतल्या कातळावरची चढाई बंद असते. ओला बेसाल्ट, शेवाळ, सुटे दगड. लिंगाणा, तैलबैला, ड्यूक्स नोज करणारी मंडळी दिवाळीपर्यंत इथेच येतात. त्यांचे हात बघत बसलो. कॉलेजात असताना मीही नागफणीवर गेलो होतो, म्हणजे ड्यूक्स नोजलाच. पण ते रॅपलिंग, वरून खाली. पंचवीस वर्षं मी "मी क्लायंबिंग केलंय" असं सांगत आलो. ते वाक्य आजपासून बंद.

हवा दमट. हाताला सारखा चॉक. चॉक म्हणजे फळ्यावरचा खडू नव्हे, मॅग्नेशियम कार्बोनेट. घाम शोषून घेतं. जास्त लावला तर होल्डवर थर साचून उलट घसरायला होतं. त्याला ब्रश आहे, दात घासायचा असतो तसाच.

पिवळा: सातव्या प्रयत्नात पाचव्या होल्डला बोटं लागली. टिकली नाहीत. तो होल्ड वाटीच्या पालथ्या बाजूसारखा, धरायला काठच नाही.

किरकोळ: उजव्या भिंतीवरचा एक लाल होल्ड हातात फिरला. लगेच कोचला सांगितलं. मागे प्लायवूडमध्ये टी-नट, त्यात १० मिलीमीटरचा बोल्ट. बोल्ट सैल पडला की होल्ड फिरतो. तिनं एलन की आणली. मी म्हटलं, द्या इकडे. महिन्याभरात या इमारतीत मला नीट जमलेलं पहिलं काम.

रविवार, ६ जुलै

आषाढी. उजव्या हाताच्या अनामिकेत, तळव्याकडच्या पेराजवळ बारीक कळ. खिचडीचा चमचा धरताना जाणवली. कोचला फोन केला. तिचे प्रश्न नेमके: पडताना 'टक्' असा आवाज आला का? सूज आहे का? दोन्ही नाही. मग दहा दिवस भिंत बंद, आणि कळ वाढली तर थेट डॉक्टर.

बोटाच्या हाडाला कंडरा धरून ठेवणाऱ्या कड्या असतात, केबल क्लॅम्पसारख्या. बारीक कडेला बोटं दुमडून सगळं वजन टाकलं की या कड्यांवर ताण येतो. स्नायू काही आठवड्यांत तयार होतो, कंडरा आणि कड्या फार सावकाश. म्हणजे मोटर वाढवली, केबल जुनीच. नवशिक्यांना हे हमखास होतं; आपण ताकदवान झालो असं वाटायला लागतं त्याच सुमारास.

गुरुवार, १० जुलै

चढायचं नाही, तरी ने-आण आहेच. गुरुपौर्णिमा. पेढे नेले. कोच म्हणाली, "काका, मला कशाला?" आणि चार खाल्ले.

रिकामा बसलो होतो म्हणून तिनं बिले शिकायला बसवलं. बिले म्हणजे चढणाऱ्याचा दोर खाली उभं राहून सांभाळणं. दोराची भिंत बारा मीटर. हे काम मला पहिल्या मिनिटाला आवडलं आणि का आवडलं तेही कळलं: इथे प्रत्येक गोष्टीला तपासणी आहे.

हार्नेस म्हणजे दोर बांधण्यासाठी कंबरेला आणि मांड्यांना घालायचे पट्टे. त्यातला कंबरेचा पट्टा हाडाच्या वर, म्हणजे उलटं झालं तरी निसटणार नाही. दोर आठाच्या गाठीनं बांधायचा, तीही परत माग काढून विणलेली. गाठ नीट असेल तर दोराच्या पाच जोड्या समांतर मोजता येतात. मी प्रत्येक वेळी मोठ्यानं मोजतो, पोरं हसतात. मग बिलेचं यंत्र. आपोआप अडकणारं आहे, दोर झटकन ओढला गेला की आतला कॅम दाबतो. त्याच्या अंगावर कोरलेलं चित्र: एका टोकाला माणूस, दुसऱ्या टोकाला हात. तरीही दोर उलटा भरता येतो, आणि उलटा भरला तर यंत्र अडकत नाही. म्हणजे पोका-योके (चूक करताच येऊ नये अशी रचना) नाही, अर्धं पोका-योके. म्हणून दोघांनी एकमेकांचं तपासायचं: तिनं माझं यंत्र, मी तिची गाठ, झटका देऊन बघायचं, मगच पाय जमिनीवरून उचलायचा. आमच्याकडे मशीन उघडण्याआधी कुलूप आणि टॅग लावतो, तेच. आणि यंत्र आपोआप अडकत असलं तरी ब्रेकचा हात दोरावरून काढायचा नाही. कधीच नाही. नाक खाजलं तरी.

लेक ४४ किलो, मी ८२. मी तिला बिले देऊ शकतो. तिनं मला दिला तर मी पडल्यावर ती वर जाईल. शिवाय इथे सोळा वर्षांखाली बिलेला परवानगी नाही. तिला हे अन्यायाचं वाटतं.

रात्री हिशेब केला. दोर भिंतीच्या टोकाला पक्क्या बसवलेल्या अँकरवरून फिरून येतो. चढणारा दोन मीटरवर असताना मधला दोर बावीसएक मीटर. चढाईच्या दोराला ८० किलो टांगले तर तो १० टक्क्यांपर्यंत ताणला गेला तरी मानकात बसतो. ८ टक्के धरले तरी पावणेदोन मीटर. म्हणजे दोन मीटरवरून पडलेला माणूस दोर बांधलेला असूनही जवळपास जमिनीला टेकेल. झोप उडाली. कोचला मेसेज टाकला. उत्तर: "काका, इथला दोर कमी ताणला जाणारा आहे. पण बरोबर आहे तुमचं, खाली असताना दोर आवळूनच ठेवायचा. झोपा आता."

गुरुवार, १७ जुलै

बोट बरं. पट्टी लावून सोप्या भिंतीवर. मग पहिल्यांदा दोरावर, बारा मीटर, बिले कोचकडे.

वर जायला सहा मिनिटं लागली. लेक मला मध्यंतरी पॅरिस ऑलिंपिकचा व्हिडिओ दाखवत होती: पंधरा मीटरची भिंत, अमेरिकेचा सॅम वॉटसन, ४.७४ सेकंद. त्या प्रकारात जगभर होल्ड आणि त्यांच्या जागा सारख्याच असतात, म्हणून विक्रम मोजता येतो. माझ्या सहा मिनिटांचा विक्रम मोजायला कोणी नव्हतं.

खरी गोष्ट वर घडली. टोकाला पोचलो. खालून आवाज: "छान, आता हात सोडा, खुर्चीत बसल्यासारखे मागे बसा." हात सुटेनात. अँकर माझ्या नाकासमोर होता, मी तो वाचत होतो: कॅराबिनरवर (दोर अडकवायची धातूची कडी) २२ किलोन्यूटन, म्हणजे सव्वादोन टन. आमचा होइस्ट दोन टनांचा. (दोन्ही आकडे सारखे नव्हेत. होइस्टचा आकडा वापरायचा असतो, कॅराबिनरचा तुटायचा. तरी माझ्यासारखे सत्तावीस जण लटकले असते.) डोक्याला सगळं पटलेलं. बोटांना नाही. अडीच मिनिटं मी एका निळ्या होल्डला धरून उभा होतो आणि खाली माझी मुलगी सगळ्यांसमोर ओरडत होती, "बाबा, सोड ना!"

शेवटी कसं सुटलं? निर्णय वगैरे काही नाही. हात पंप झाले, बोटं आपोआप उघडली. दोरानं धरलं. आठ-दहा सेंटीमीटर खाली गेलो असेन.

गुरुवार, २४ जुलै

पिवळा. आज बीटा मागितला, पण कोचकडे. पोरीकडे मागायला अजून जीभ रेटत नाही. ती म्हणाली, समोरून चढू नका, कुशीवर वळा. उजवी कंबर भिंतीला लावा, बुटाची बाहेरची कड टेका, डावा पाय नुसता मागे आडवा ठेवा, तोल सांभाळायला. अशानं हात वीतभर लांब होतो.

झाला. खरंच झाला. पाचव्या होल्डवर पालथ्या वाटीला पंजा चिकटला, कारण आता वजन त्याच्या खाली होतं, मागे नव्हतं. सहावा, सातवा, आठवा. नववा धरताना हसू आलं, ते नडलं. दहाव्याला पडलो. हात छातीशी होते! दोन्ही! पडल्याचा इतका आनंद कधी झाला नव्हता.

अजून दोनदा प्रयत्न, दोन्ही वेळा दहावाच. हाताची कातडी गेली, बोटाच्या मुळाशी पापुद्रा निघाला. पुढच्या गुरुवारी नक्की.

गुरुवार, ३१ जुलै

डावा कोपरा रिकामा. नुसतं प्लायवूड आणि भोकांच्या रांगा.

रीसेट. दर सहा-आठ आठवड्यांनी एकेक भिंत उतरवतात, होल्ड धुतात, नवे प्रॉब्लेम लावतात. फळ्यावर पंधरा दिवस तारीख लिहिलेली होती म्हणे. बाकावर बसणारा मी फळ्याकडे कधी पाहिलंच नाही. शॉपमध्ये शटडाऊनची नोटीस न वाचणाऱ्याला मी काय बोलतो ते इथे लिहीत नाही.

मागच्या दाराशी पाण्याचे टब, त्यात होल्ड भिजत पडलेले. माझा पाचवा शोधून काढला. वजनाला नारळाएवढा. वरून तसाच गुळगुळीत. उलटा केला, तर खालच्या बाजूला, नेमकी अंगठा बसेल अशी खोल खाच.

लेकीला दाखवली. "हो," ती म्हणाली, "आम्ही सगळे तिथे अंगठा लावायचो."

"सांगायचं नाही का?"

"तू विचारलं नाहीस."

त्या दिवशी चढलो नाही. एलन की घेऊन नवे होल्ड लावायला मदत केली. कुठला होल्ड कुठे आणि कसा फिरवायचा हे सेटर ठरवत होता, मी नुसता आवळत होतो. तीच वाटी नव्या हिरव्या प्रॉब्लेममध्ये आली, या वेळी खाच वर.

गुरुवार, ७ ऑगस्ट

बिलेची परीक्षा. गाठ, यंत्र, झटका, पडणाऱ्याला धरणं, हळू उतरवणं. कोच मुद्दाम दोनदा न सांगता पडली. ब्रेकचा हात जागेवर होता. पास. हार्नेसला लावायला हिरवा टॅग मिळाला. कारखान्यात हिरवा टॅग म्हणजे मशीन चालू करायला हरकत नाही.

मग लेक. तिनं गाठ मारली, मी पाच जोड्या मोजल्या, मोठ्यानं. तिनं माझं यंत्र पाहिलं, दोर ओढून पाहिला.

"बिले?"

"बिले ऑन."

"चढते."

"चढ."

पहिले दोन मीटर दोर आवळून ठेवला. पावणेदोन मीटर डोक्यात होते. तिसऱ्या मीटरला आवळला, चौथ्याला आवळला. आठेक मीटरवर ती थांबली, हात झटकले आणि खाली बघून ओरडली, "बाबा, ढील दे! तू मला वर ओढतोयस. मी चढतच नाहीये, तूच चढवतोयस."

बिघाड: दोर जास्त ताठ.
कारण: वर पाहा.
उपाय: पाव मीटर ढील दिली. पुढच्या गुरुवारी अर्धा देऊन बघू. आणि बोटांची नखं कापायची आहेत.